छान आहे, म्हणजे नेमकं काय आहे?

लेणी, देऊळ, संग्रहालय, हस्तकलेचं प्रदर्शन, कुठेही जा, आपल्या तोंडून दोन वाक्यं हमखास निघतात. ‘काय सुंदर आहे!’ आणि ‘त्या काळी हे कसं केलं असेल?’ दुसरं वाक्य आपण नुसतं आश्चर्य म्हणून उच्चारतो आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या दालनात शिरतो. खरं तर तो फार कामाचा प्रश्न आहे. त्याचं निदान अर्धं उत्तर समोरच्या दगडात, लाकडात किंवा तांब्यात स्पष्ट दिसत असतं. ते वाचायला इतिहासाची पदवी लागत नाही. थोडा वेळ लागतो आणि बघण्याच्या काही सवयी लागतात. त्या सवयींबद्दल इथे लिहितो आहे.

उत्तम घडणीच्या मुळाशी बहुतेक वेळा घडवणाऱ्यापुढे उभी राहिलेली एक अडचण असते. दगड कठीण आहे, पाऊस आडवा येतो, उजेड एकाच बाजूने मिळणार आहे, पत्रा पातळ आहे. त्यावर त्याने काय तोड काढली हे शोधायला लागलं की वस्तूतली एकेक रेघ कशासाठी आहे ते उलगडतं. नक्षी, शैली, राजवटीचं नाव हे सगळं नंतर आलं तरी चालतं. म्हणून कुठल्याही वास्तूसमोर किंवा वस्तूसमोर उभं राहिल्यावर स्वतःला पहिल्यांदा हेच विचारा, की इथे करणाऱ्याला अडलं कुठे असेल?

हे शिकण्यासाठी मला भाजे आणि कार्ले या जोडीइतकी चांगली शाळा दुसरी ठाऊक नाही. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं की एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. दोन्ही ठिकाणी डोंगरात कोरलेलं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह आहे. भाज्याचं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं, कार्ल्याचं इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं. म्हणजे साधारण दोनशे वर्षांचं अंतर आपण एका दिवसात चालून पार करू शकतो. आधी भाजे, मग कार्ले, हाच क्रम ठेवा. उलट केलं तर कार्ल्याच्या भव्यतेपुढे भाजे फिकं वाटतं आणि त्यातलं सगळ्यात मोलाचं निसटून जातं.

भाज्याच्या चैत्यगृहात शिरल्यावर मधोमध उभे राहा आणि खांबांकडे नीट बघा. ते सरळ नाहीत, वरच्या टोकाला आत झुकलेले आहेत. साधे अष्टकोनी खांब, ना खाली बैठक, ना वर नक्षी. आता विचार करा, डोंगराच्या पोटात खांब तिरपे कशाला कोरायचे? इथे छत खांबांवर टेकलेलंच नाही. अखंड कातळ आहे, खांब काढून टाकले तरी छत तसंच राहील. उत्तर त्या काळच्या लाकडी सभागृहांत आहे. लाकडाचं कमानी छत खांबांना बाहेर ढकलतं, म्हणून सुतार खांब आतल्या बाजूला कलते उभे करत. दगडात कोरणाऱ्यांनी ती रीत जशीच्या तशी उचलली. गरज संपली होती, पण प्रार्थनेची जागा म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे रूप येत होतं ते लाकडी सभागृहाचंच होतं.

मग वर बघा. कमानी छताला आतून खऱ्या लाकडाच्या फासळ्या आहेत. कातळाला आधार म्हणून लाकूड, हे बांधकामाच्या दृष्टीने निरर्थक आहे. तरीही त्या बसवल्या, कारण त्यांच्याशिवाय ती जागा ‘आपली’ वाटली नसती. इथल्या लाकडावर ब्राह्मी अक्षरंही सापडलेली आहेत. चैत्यगृहाचं तोंड आज सताड उघडं दिसतं. तिथे पूर्वी लाकडी दर्शनी भाग होता, तो गेला. पण तो जिथे अडकवला होता ती भोकं आणि खाचा दगडात शिल्लक आहेत. त्या शोधा. एकेक खाच सापडत गेली की नसलेलं लाकूड हळूहळू दिसायला लागतं. माझ्या मते वास्तू बघण्यातला सगळ्यात मोठा आनंद हाच आहे. गाइड हे क्वचितच दाखवतात, आणि फोटोत तर ते येतच नाही.

दुपारच्या सुमारास कार्ल्याला चढा. सुट्टीच्या दिवशी आणि तिथल्या एकवीरा देवीच्या चैत्रातल्या यात्रेत तिथे फार गर्दी असते, तेव्हा शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस निवडा. आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे खांब सरळ झाले आहेत. दोनशे वर्षांत दगडाला दगड म्हणून वागवण्याचा आत्मविश्वास आला आहे. सभागृहाची लांबी सुमारे ३७ मीटर आणि उंची सुमारे १४ मीटर. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आहेत. त्यांच्या तळाशी पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीवर घट, वर उलटं कमळ किंवा घंटा वाटावी असा भाग आणि त्यावर गुडघे टेकलेले हत्ती. हत्तींवर जोडपी बसली आहेत. छताच्या लाकडी फासळ्या मात्र इथेही आहेत, आणि मूळच्या आहेत. आत्मविश्वास आला तरी ती जुनी खूण सोडवली नाही.

इथे दोन गोष्टी मुद्दाम करा. पहिली, खांबांच्या मागून, कडेच्या अरुंद वाटेने चाला. हत्तींच्या मागच्या बाजूला घोडे कोरलेले दिसतील. या वाटेने जाणाऱ्यालाही काही दिसलं पाहिजे, हा विचार कुणीतरी केला होता. दुसरी, चालत चालत स्तूपाच्या पाठीमागे जा. तिथे अर्धगोलात सात खांब आहेत आणि ते भाज्यासारखेच साधे, अष्टकोनी आहेत. ना घट, ना हत्ती. हात आखडता घेतला असेल का? मला तसं वाटत नाही. मोठ्या कमानी गवाक्षातून येणारा उजेड मधल्या भागातून सरळ स्तूपावर पडतो, बाजूच्या वाटा अंधारात राहतात. स्तूपाच्या मागे कोरीव गर्दी केली असती तर नजर स्तूपावर ठरली नसती. कुठे कोरायचं नाही हे कळण्यासाठी कारागीर फार परिपक्व असावा लागतो. त्या सात खांबांपाशी दोन मिनिटं थांबाच.

कार्ल्याच्या लेखांमध्ये खांबांसाठी दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यांत धेनुकाकट इथल्या यवनांचीही (म्हणजे ग्रीकांचीही) आहेत. ओवरीतल्या एका लेखात वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी या वास्तूला जंबुद्वीपातली सर्वोत्तम म्हणतो. दान करणाऱ्याचा अभिमान सोडा, पण ती वास्तू बघून झाल्यावर त्याच्याशी वाद घालावासा वाटत नाही.

भाजे-कार्ल्यात जो उजेड भेटतो, त्याच्याकडे आपण एरवी अगदीच दुर्लक्ष करतो. घारापुरीचं उदाहरण घ्या. गेटवेवरून लाँचने साधारण तासाभरात बेटावर पोचतो, पायऱ्या चढतो आणि रणरणत्या उन्हातून थेट लेण्यात शिरून समोरच्या सदाशिवाचा फोटो काढतो. डोळे अजून बाहेरच्या उन्हाला सरावलेले असतात, त्यामुळे आपल्याला दिसते ती फक्त बाह्यरेषा. तसं करू नका. आत शिरल्यावर एखाद्या खांबापाशी पाठ टेकून पाच-दहा मिनिटं नुसते थांबा. डोळे निवले की दगडातला करडा, तपकिरी, काळसर असा फरक उमटायला लागतो. मग खांबांच्या रांगेतून सावकाश पुढे जा. दक्षिणेच्या भिंतीतल्या खोल कोनाड्यातून ती सुमारे साडेपाच मीटर उंचीची मूर्ती पायरीपायरीने पुढे येते, कारण शिल्पकाराने फक्त छातीपासून वरचाच भाग दाखवला आहे. बाकीचं रूप डोंगरातच आहे असं आपलं मन धरून चालतं.

आता या मूर्तीची तिन्ही मुखं एकेक करून बघा. आपल्या डाव्या हाताचं मुख उग्र आहे, मिशा, वळलेली भुवई, हातात नाग. उजव्या हाताचं कोवळं, हातात कमळ. मधलं मिटल्या डोळ्यांचं, आत वळलेलं. डावीकडे सरका, मधलं मुख झाकत जातं आणि उग्र मुख पुरतं समोर येतं. उजवीकडे सरका, स्वभावच पालटतो. ही मूर्ती एका जागी उभं राहून बघण्यासाठी केलेलीच नाही. तिच्या डाव्या-उजव्या अंगाला अर्धनारीश्वर आणि गंगाधर आहेत, तेही याच सावकाशीने बघा आणि नंतर पुन्हा मध्ये या. (घारापुरी सोमवारी बंद असते. अजिंठाही सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी. एवढं लक्षात ठेवलं तर फेरी फुकट जात नाही.)

शिल्प बघण्याची आणखी एक सवय सांगतो, ती लहान मुलांना चटकन जमते आणि मोठ्यांना संकोच वाटतो. मूर्ती ज्या पवित्र्यात आहे त्या पवित्र्यात स्वतः उभे राहून बघा. अंगाचा भार कुठल्या पायावर आहे? कंबर कुठे वळली आहे? मान त्याच दिशेला आहे की उलट? आपल्या अंगाला जो ताण जाणवतो तो शिल्पकाराने दगडात पकडला आहे का, हे लगेच कळतं. कमकुवत शिल्पात पाय एक सांगतात आणि खांदे दुसरंच. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ मध्ये, विशीच्या आसपास असताना, ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प प्लास्टरमध्ये केलं. देवळाकडे निघालेली नऊवारीतली तरुणी. तिचं छायाचित्र पुस्तकांतून सहज मिळतं. त्यात लुगड्याच्या चुण्यांकडे बघा. कापड कुठे ताणलं आहे आणि कुठे सैल सुटलं आहे त्यावरून आतला पाय पुढे पडतो आहे हे कळतं. चुण्या शोभेसाठी नाहीत, त्या चालण्याचा पुरावा आहेत.

अलिबागजवळ सासवण्याला विनायकराव करमरकर (१८९१–१९६७) यांचं राहतं घर आता शिल्पसंग्रहालय आहे. पुण्यातला १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे हेच करमरकर. सासवण्याला त्यांची सिमेंटमधली कामं बघायला मिळतात. गावातली माणसं, जनावरं, रोजचं जगणं. संगमरवराची झळाळी नाही, ब्राँझची चकाकी नाही, हाती आहे तो बांधकामाचा रुक्ष माल. त्या खरबरीत पृष्ठभागातून कातडीची, कष्टाची, उन्हात रापलेल्या अंगाची जाणीव कशी आणली आहे ते जवळ जाऊन बघा. मग दहा पावलं मागे या. जवळून जे खडबडीत वाटतं ते लांबून जिवंत होतं. शिल्पाला नेहमी अशी निदान दोन अंतरं द्यायला हवीत.

इमारतींच्या बाबतीत ‘अडचण कोणती’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हवामानात सापडतं. कोकणातल्या जुन्या घराची पडवी आठवा. छप्पर इतकं खाली उतरलेलं असतं की शिरताना वाकावं लागतं. वाकून जाण्याचा त्रास आहे, मान्य, पण आडवा पाऊस आणि समोरची तिरीप दोन्ही तिथेच अडतात आणि ओटी कोरडी, थंड राहते. भिंती जांभ्याच्या, कारण तो खाणीतून काढताना तासायला मऊ असतो आणि वाऱ्यावर टणक होतो. जोतं उंच, कारण खाली पाणी वाहणार आहे. या घरात ‘डिझाइन’ म्हणून वेगळं असं काही दाखवता येत नाही, आणि तरी एकही भाग विनाकारण नाही.

हाच विचार चौऱ्याऐंशी मीटर उंच नेला तर काय होईल, ते मुंबईत पेडर रोडवर दिसतं. चार्ल्स कोरिया यांची ‘कांचनजंगा’ ही इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. मुंबईत घराचं तोंड पश्चिमेकडे असावं, कारण वारा आणि समुद्र तिकडे आहे. पण दुपारचं ऊन आणि मुसळधार पाऊसही तिकडूनच येतो. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याची तोड काढली होती. खोल्यांभोवती व्हरांडा, ऊन-पाऊस काय ते त्याने सोसायचं. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून दोन मजले उंचीची बाग केली आणि ती इमारतीच्या कोपऱ्यांत खोल कापून बसवली. रस्त्यावरून बघताना त्या चौकोनी मनोऱ्याचे कोपरे खाल्ल्यासारखे दिसतात ते यामुळे. खाजगी घरं आहेत, आत जाता येत नाही, जायची गरजही नाही. समोरच्या फुटपाथवरून त्या कोपऱ्यांकडे बघा आणि मग आजूबाजूच्या, बाल्कन्या बंद करून एसी लटकवलेल्या इमारतींकडे बघा. फरक कुणी सांगावा लागणार नाही.

आता हातातल्या वस्तूंकडे येऊ. मला स्वतःला यांचं प्रेम जास्त, कारण इथे बघण्याला स्पर्शाची जोड मिळते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अर्थात हात लावता येत नाही, पण डोळ्यांना वळण लावायला ती जागा उत्तम आहे. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून घरगुती वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहाला दिलं. दिवे, कुलपं, वेणीफणीच्या पेट्या, दौती, दरवाजे. सगळं एका दिवसात बघायचा अट्टहास करू नका, त्याने डोळे बधिर होतात. एक प्रकार निवडा. मी अडकित्ते सुचवीन.

अडकित्ता म्हणजे एका टोकाला खिळ्याने जोडलेले दोन दांडे. सुपारी खिळ्याजवळ, मूठ लांब. दांडे लांब असल्यामुळे हाताचा थोडा जोर सुपारीवर अनेक पटींनी पडतो. वरच्या दांड्याला पोलादी पातं, खालच्यावर सुपारी टेकवायची जागा. एवढं यंत्र झालं. आता त्यावर पोपट, घोडा, जोडपं असं काहीही बसवता येतं, आणि कारागिरांनी बसवलंही आहे. कपाटासमोर उभे राहून मनातल्या मनात तो अडकित्ता दाबून बघा. उत्तम अडकित्त्यात घोड्याची मान नेमकी तिथे वळते जिथे तळहाताला उंचवटा हवा असतो, पोपटाची शेपूट मुठीच्या टोकाशी संपते आणि बोटं निसटू देत नाही. सामान्य अडकित्त्यात शोभेचं टोक तळव्यात रुतेल अशा जागी असतं. दोन्हींवरची नक्षी सारखीच बारीक असू शकते. श्रेष्ठ-कनिष्ठ ठरतं ते हाताशी जमतं की नाही यावर. ही कसोटी एकदा कळली की दाराची कडी, विळीचं पातं, चहाचा कप, सगळीकडे तीच लावता येते.

संग्रहालयातून निघालात की कसबा पेठेत तांबट आळी फार लांब नाही. तांब्याच्या भांड्यावर ओळीने उमटलेल्या छोट्या ठिपक्यांना मठार म्हणतात. आपल्याला ती नक्षी वाटते. तिचं मूळ काम पत्र्याला बळ देणं आहे. तांबं तापवलं की मऊ पडतं, म्हणून घडवताना ते पुन्हा पुन्हा तापवावं लागतं. शेवटी मात्र भांडं मऊ राहून चालत नाही, हातातून पडलं तरी पोचा पडता कामा नये. गार पत्र्यावर हातोडीचा घाव बसला की तिथलं तांबं कठीण होतं. म्हणून तांबट भांडं फिरवत फिरवत तळापासून काठापर्यंत एकाही जागेला न वगळता घाव घालत जातो. पातळ पत्रा ताठ होतो आणि प्रत्येक ठिपक्यावरून उजेड वेगळा परावर्तित होतो. बळ आणि शोभा एकाच घावात येतात, यापेक्षा देखणी तोड मला क्वचितच कुठे दिसली आहे.

विकत घेताना भांड्याच्या आत बोट फिरवा. हातमठार लोखंडी आधारावर भांडं धरून केलेलं असतं, त्यामुळे आतली बाजू बरीचशी सपाट राहते. साच्यात दाबून उठवलेल्या नकली ठिपक्यांचे उंचवटे पुष्कळदा आत हाताला लागतात, आणि बाहेरून ठिपके छापल्यासारखे एकसारखे दिसतात. खऱ्या मठाराच्या ओळी नेटक्या असतात, पण काठाजवळ भांडं आवळतं तिथे ठिपके किंचित दाट झालेले दिसतात. हात तिथे विचार करतो. आज पुष्कळदा भांडं यंत्रावर घडतं आणि मठार तेवढं हाताने होतं, त्यातही कमीपणा काही नाही. विचारलंत तर कारागीर सरळ सांगतात.

पैठणीचं बघणं उलट्या बाजूने सुरू करा. पदर उलटा करा. हाताने विणलेल्या पारंपरिक पैठणीत काठापदरातला प्रत्येक रंग वेगळ्या कांडीवर असतो आणि जिथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे आडवे धागे एकमेकांत गुंतवलेले असतात. त्यामुळे मोर, मुनिया, असावली मागूनही जवळपास तेवढीच स्वच्छ दिसते. मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसले तर विणकाम वेगळ्या पद्धतीचं आहे. ते वाईटच असेल असं नाही, पण त्याची किंमत हातविणीची असू नये. कोल्हापुरी चपलेतही तळ आणि कडा आधी बघा. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं कातडं, कातड्याच्याच वादीची शिलाई, खिळा नाही. वरची वेणी आणि गोंडा नंतर. वस्तूची मागची, खालची, आतली बाजू जितकी मनापासून केलेली असेल तितका तिच्यावर विश्वास ठेवा.

कारागिराशी बोलायची संधी मिळाली तर ‘किती दिवस लागतात?’ हा प्रश्न सगळेच विचारतात, तो टाळा. त्याऐवजी विचारा, ‘काका, यात काम बिघडतं ते कुठे?’ हा प्रश्न विचारला की माणूस हातातलं काम थांबवून आपल्याकडे बघतो, आणि मग खरं सांगायला लागतो. कुठल्या वळणावर पत्रा फाटतो, पावसाळ्यात धागा कसा वागतो, वडिलांचा हात कुठे वेगळा होता. त्या दिवशी घासाघीस करू नका. घ्यायचं नसेल तर तसं आधीच सांगा, बहुतेकांना राग येत नाही.

एक वही जवळ ठेवा. चित्रकला येत नसली तरी चालेल. एक खांब, एक कडी, एक घडा निवडा आणि दहा मिनिटं बसून काढा. चित्र बिघडेल, ते कुणाला दाखवायचं नाहीच. पण काढताना कळतं की घड्याचा गळा आपल्याला वाटला होता त्यापेक्षा कितीतरी आखूड आहे, खांब चौकोनातून अष्टकोनात जातो ती जागा आपण बघितलीच नव्हती. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातला स्वर्गमंडप या कामाला अप्रतिम आहे. छताच्या मधोमध आकाशाला उघडा गोल, त्याच्या बरोबर खाली जमिनीवर गोल शिळा, भोवती खांबांची वर्तुळं. एकच खांब घेऊन तो खालपासून वरपर्यंत किती वेळा आकार बदलतो एवढंच टिपा. मुलं बरोबर असतील तर त्यांना वही द्या आणि मोबाइल तुमच्याकडे ठेवा. शाळेच्या सहलींनी तर हे आवर्जून करावं, वीस ठिकाणं धावत दाखवण्यापेक्षा एका खांबासमोर मुलांना बसवावं.

असं बघायची सवय लागली की एक दुःखही वाट्याला येतं, ते आधीच सांगून ठेवतो. गावोगावची यादवकालीन देवळं ऑइलपेंटने रंगवलेली, गाभाऱ्याला चकचकीत टाइल्स लावलेली, सभामंडपापुढे पत्र्याची शेड ठोकलेली दिसायला लागतात. या देवळांचे चिरे चुन्याशिवाय, एकमेकांत खाचा बसवून रचलेले असतात. तो सांधा हीच त्यांची सगळ्यात मोठी कारागिरी, आणि रंगाखाली पहिल्यांदा नाहीसा होतो तो सांधाच. दगडातला ओलावा बाहेर पडायची वाट बंद होते, पापुद्रे सुटतात. मग रंग काढण्यासाठी कुणीतरी वाळूचा मारा करणारं यंत्र आणतं आणि रंगाबरोबर छिन्नीची धार, मूर्तीच्या बोटांची नखं, दागिन्यांचे मणी घासून जातात. हे सगळं भक्तीपोटी, वर्गणी काढून, चांगल्या मनाने होतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

तुमच्या गावात जीर्णोद्धाराची बैठक लागली तर जा. ठराव होण्याआधी दोन गोष्टी लिहून मागा. एक, देऊळ संरक्षित यादीत आहे का, याची चौकशी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे करावी. असेल तर परवानगीशिवाय हात लावता येत नाही. दोन, यादीत नसलं तरी जुन्या दगडी बांधकामाचं जतन करणाऱ्या वास्तुविशारदाला आधी जागा दाखवावी. तोवर गावकऱ्यांना घेऊन एक संध्याकाळ त्या देवळातच बसा, टॉर्च तिरपी धरून भिंतीवरून फिरवा आणि चिऱ्याचा सांधा, छिन्नीचे घाव, शिल्पाची झिजलेली नजर त्यांना दाखवा. ज्यांनी तिथे लहानपणापासून रोज डोकं टेकवलं आहे त्यांनाही ते बहुधा पहिल्यांदाच दिसेल, आणि टाइल्सचं अंदाजपत्रक त्यानंतर चर्चेला घ्या.